बोरी कोरी होती

माझ्या सुनेला बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या गावांमध्ये ‘बोरीवाली बहू’ म्हणतात. हे नाव कोणी वाईट मनाने ठेवलेले नाही. ती ज्या बियाण्याच्या फार्मवर आज शिकवते, तिथे दरवर्षी नवीन आलेल्या शिकाऊ पोरापोरींना सुरुवातीलाच एक गोष्ट सांगत आले आहेत. एक शिकाऊ बहू होती. तिने फार्मचे मूळ बियाणे घरच्या न झाडलेल्या बोरीतून, म्हणजे पोत्यातून नेले. बोरीच्या शिवणीत जुना धान अडकलेला होता, म्हणून तिच्या प्लॉटमध्ये भेसळ झाली. तरी तिने हिंमत सोडली नाही आणि शेवटी पास झाली. तेव्हा पोरांनो, बोरी झाडून घेत जा.

गोष्ट चांगली आहे, शिकवायला सोपी आहे, पण खरी नाही. बोरी दुकानातून नवी आणलेली, कोरी होती. भेसळ मी केली होती. हे मी यंदाच्या पावसाळ्यापर्यंत कोणाला सांगितले नाही, आणि ज्या दोघींना ठाऊक होते त्यांनीही सांगितले नाही. आता माझे गुडघे मला बांधीच्या धुऱ्यावर, धानाच्या शेताच्या बांधावर, फार वेळ उभे राहू देत नाहीत. बसून लिहिता मात्र येते, म्हणून लिहितो.

सून तुमसरकडची. बारावी शिकून आमच्या घरी आली. मुलगा वारासिवनीच्या राइस मिलमध्ये कामाला, घरची धानाची शेती माझ्याकडे. एका उन्हाळ्यात तिने कुठून तरी ऐकले की वारासिवनीच्या रस्त्यावरच्या बियाणे फार्मवर शिकाऊ लोक घेत आहेत. तिथे वर्षभर काम करायचे, महिन्याचा महिन्याला पगार घ्यायचा आणि कामातच शिकायचे. शेवटी बाहेरचे तपासणीवाले येऊन पास करतील त्याला बीजोत्पादनाचे सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटवाल्याला तिथेच पक्की नोकरी. मुलगा हौ म्हणाला होता. उरलो मी.

आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलते, विचारले तर उत्तर देते. पण ‘हे करा’, ‘ते द्या’ असे तोंडावर म्हणत नाही. काही सांगायचे असले की सासूच्या तोंडून सांगते. त्या दिवशीही मी ताटावर बसलो होतो आणि ती चुलीजवळून माझ्या बायकोला म्हणाली, “आत्याबाई, त्यायले इचारा ना, मी जाऊ का म्हणून.”

बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, “इचारून राह्यली, जाऊ का म्हणून.”

“धान लावायले सर्टिफिकेट?” मी म्हटले. “मंग मासोळीलेही पोहायचं सर्टिफिकेट द्या म्हना.”

“तुमच्याजवळ कोनतं आहे जी?” बायकोने विचारले.

“माझे हात आहेत ना! चाळीस पावसाळे झाले या हातायले.”

“ठेवा मंग ते हात बँकेत गहाण, पाहा कर्ज देते का,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला. हा तिचा निकाल होता. पुढच्या आठवड्यात सून फार्मवर जाऊ लागली.

पहिल्या पगाराचे तिने गमबूट घेतले. फार्मवर चिखलात, औषधाच्या पाण्यात उभे राहायचे, तर ते हवेच. नऊवारी नाही, साधीच पाचवारी, पदर डोक्यावर, आणि खाली गुडघ्यापर्यंत काळे गमबूट. बसमधून उतरली की पारावरचे लोक ‘पोलीसबाई आली’ म्हणत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की ती बूट काढून हातात घ्यायची आणि माझ्यासमोरून अनवाणी घरात जायची. मोठ्यांसमोर पायात घालायचे नाही, ही रीत तिने मोडली नाही. मी ते रोज पाहत होतो, पण ‘घाल ना बाई, काटे आहेत’ असे एकदाही म्हटले नाही.

संध्याकाळी ती दिवसभर शिकलेले सासूला सांगायची, म्हणजे मला ऐकू येईल इतक्या आवाजात सांगायची. बियाणे पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढायचे. मीठ पुरेसे झाले की नाही हे पाहायला त्या पाण्यात अंडे सोडायचे. तरंगले म्हणजे झाले. अंड्याचे नाव काढताच बायको उठून बसली.

“माझ्या घरात अंडं नाई येणार, सांगून ठेवते.”

“बटाट्यानंही होते आत्याबाई. सर म्हणे, बटाटा टाका.”

मग आमच्या अंगणात टोपात मिठाचे पाणी झाले आणि त्यात बटाटा पोहू लागला. मी खाटेवरून पाहत होतो. पोचट दाणे वर आले, भरलेले तळाशी बसले. मी मान फिरवली, पण पाहून घेतले होते.

त्या वर्षीच्या शिक्षणाचा मोठा भाग म्हणजे घरचा प्लॉट. प्रत्येक शिकाऊ माणसाने फार्मचे मूळ बियाणे घरच्या शेतात लावायचे आणि त्यात दुसऱ्या जातीचा एकही बुंधा राहू द्यायचा नाही. तपासणीत प्लॉट पास, तर माणूस पास. प्लॉट रद्द झाला की वर्ष वाया आणि नोकरीही गेली. मी तिला सडकेच्या कडेची बांधी दिली. देताना बायकोच्या मार्फत नाही, सरळ तिलाच म्हटले, “तुझ्या बांधीले मी हात लावनार नाई. तुझं शिक्षण, तुझा धान.”

“हौ जी मामाजी,” ती म्हणाली. तिला बरे वाटलेले दिसले.

तिने दोरी धरून ओळीत रोवणी केली. आमच्याकडे बाया गाणे म्हणत हाताला येईल तशी रोवणी करतात, त्यामुळे ओळीतला धान सुरुवातीला विरळ, उघडाबोडका दिसतो. रोवणी झाली आणि लगेच फार्मवर बियाणे साफ करायच्या मशीनचे शिक्षण निघाले. शिकाऊ लोकांना आठवडाभर तिथेच राहायचे होते. ती गेली आणि इकडे खेकड्यांनी बांधीत धुमाकूळ घातला. रोज सकाळी पाच-पंचवीस रोपे बुडापासून कापलेली पाण्यावर तरंगत. ओळीतल्या रोवणीत एक रोप गेले तरी दिसते. इथे तर जागोजाग भोके पडली.

माझा लहानपणापासूनचा एक सोबती सडकेने सायकलवर चालला होता. बांधीपाशी त्याने पाय टेकला.

“काय गा,” तो म्हणाला, “सुनेच्या शिक्षनाचे दात पडले का?”

मी हसलो, पण ते मला लागले. बांधी माझी, सडक सगळ्या गावाची.

आमच्या भागात एक रीत आहे. रोवणी झाल्यावर उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, कधी फेकायची नाहीत. आपल्या बांधीत जागा नसली तर शेजाऱ्याला द्यायची, त्याच्याही लागत नसली तर वाटेत जी नांगी दिसेल, जी रिकामी जागा दिसेल, तिथे लावायची. पऱ्हे फेकणे म्हणजे लेकरू उपाशी उठवणे, असे माझी आई म्हणायची. माझ्याकडे त्या वेळी चिन्नोरच्या पऱ्ह्यांच्या जुड्या उरल्या होत्या. चिन्नोर आमचा वासाचा धान. अंगणात शिजला की गल्लीला कळते. मी त्या जुड्या उचलल्या आणि एका दुपारी सुनेच्या बांधीतल्या सगळ्या नांग्या भरून टाकल्या. हात तर काय, चालतच राहिले. रिकामी जागा दिसली आणि हातात रोप आहे, अशा वेळी कोणताही धानवाला थांबत नाही. मी जात पाहिली नाही. खरे सांगायचे तर जात डोक्यात आली होती, आणि ‘एवढ्यानं काय होते’ म्हणून मी ती डोक्यातून काढली होती.

आठवड्याने सून आली. बूट हातात घेऊन सरळ बांधीवर गेली आणि तिथून जवळजवळ पळतच घरी आली.

“आत्याबाई! सगळ्यायच्या बांधीत नांग्या पडल्या म्हने, आपल्या बांधीत एकही नाई जी!”

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी मिशीवरून हात फिरवला.

“जमीन कोनाची आहे?” मी म्हटले.

त्या एका वाक्यासाठी मी पुढे फार जळलो. तेव्हा सांगितले असते तर तिने दुसऱ्या दिवशी तीच रोपे सहज उपटून टाकली असती. पण मी हात लावणार नाही असे कबूल केले होते, आणि तिचे कौतुक मला आपल्याकडे वळवायचे होते.

दसऱ्याच्या सुमारास तिचा धान निसवला. हिरव्या बांधीवर लोंब्यांचा पिवळसर रंग चढला, आणि त्यात ठिकठिकाणी हातभर उंच, गडद हिरवे बुंधे उभे राहिले. त्यांना लोंब्या नव्हत्या. चिन्नोर उशिराचा, तो अजून पोटरीत होता, म्हणजे लोंबी आतच होती. सडकेवरूनसुद्धा दिसत होते.

फार्मचे सर मोटारसायकलवर पाहणीला आले. लालबर्‍याकडचे, हिंदी बोलणारे, मनाने चांगले, पण आवाज मोठा.

“ये क्या है बहू? बीज किस बोरी में लाई थी? घर की बोरी थी ना? झाड़ी नहीं थी?”

सून बांधीत उतरली. एका उंच बुंध्याचे पान तोडले, हातावर चुरगाळले, नाकाशी नेले. चिन्नोरच्या पानालाही वास असतो. मी धुऱ्यावर उभा होतो. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मी खाली चिखलात पाहू लागलो. ते बुंधे खेकड्यांच्या बिळांपाशी, नांग्या पडतात नेमक्या त्याच जागी घोळक्याने उभे असलेले तिला दिसत होते. बोरीतली भेसळ अशी जागा धरून उगवत नाही, हे तिला मशीनच्या आठवड्याआधीच शिकवलेले होते. तिला सगळे कळले.

“हौ सर,” ती म्हणाली. “बोरी घरचीच होती. झाडायची राह्यली. माझीच चूक.”

सर तिच्यावर पंधरा जणांसमोर ओरडावे तसे ओरडले. शेवटी म्हणाले की अजून यांना फूल आलेले नाही, म्हणून वाचलीस. फूल यायच्या आत एकूण एक बुंधा काढ. एकही राहिला तर तपासणीत प्लॉट रद्द. आणि तपासणी पुढच्याच आठवड्यात होती.

मोटारसायकल गेली. सून घरी येऊन स्वयंपाकाला लागली.

घरी वेगळेच उभे राहिले. आमच्या घरी पोटरीतल्या धानाला पोटुशी मानतात. बायको दरवर्षी त्या दिवसांत बांधीवर दहीभात आणि चिंच ठेवून येते, डोहाळे म्हणून. त्या धानाला उपटणे दूर, त्याच्याजवळ विळाही नेत नाहीत. सुनेने बुंधे उपटायचे म्हणताच बायको कधी नव्हे ती भडकली.

“पोटुशीले उपटतेस का व? कोन्या घरची रीत आहे ही? राहू दे ते सर्टिफिकेट.”

सून भाकरी थापत राहिली. डोळ्यांतले पाणी परातीत पडत होते आणि तिने ते पुसले नाही, कारण हात पिठाचे होते. तिचे वर्ष, तिची नोकरी, सगळे माझ्या एका शब्दावर अडून होते. मी खाटेवरून उठलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी सहसा जात नाही. त्या दिवशी गेलो.

“बोरी कोरी होती,” मी म्हटले. “ती भेसळ मी लावली. नांग्या मीच भरल्या, चिन्नोरच्या पऱ्ह्यायनं.”

बायकोने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, “जमीन कोनाची आहे, म्हनत होते ना?”

“हौ.”

“मंग पापही जमिनवाल्याचंच. ज्यानं लावलं त्यानं उपटावं. सकाळी तुम्ही उतरा बांधीत. हिनं फक्त दाखवावं.”

सकाळी आम्ही तिघे बांधीवर गेलो. बायकोने पहिल्या उंच बुंध्याला हळदकुंकू लावले, हात जोडले आणि मला म्हणाली, “उपटा.” मी उपटला. उपटलेले बुंधे तिने आमच्या गाभण गाईपुढे टाकायचे ठरवले होते. पोटुशीचे पोटुशीला गेले की दोष लागत नाही, असा तिचा तिने काढलेला मार्ग. असली रीत मी आधी कधी ऐकली नव्हती, पण त्या दिवसापासून ती आमच्या घरची रीत आहे.

शिकवायचे कसे, हा प्रश्न होता. सून सासऱ्याला आज्ञा कशी करणार? ती माझ्यापासून दोन हातांवर चिखलात उभी, आणि बायको धुऱ्यावर.

“आत्याबाई, त्यायले सांगा, कापू नका. बुडापासून फुटते पुन्हा.”

“ऐकलं का जी? कापू नका म्हनते.”

“ऐकलं.”

“आत्याबाई, सांगा, उन्हाकडं तोंड करून पाहा. उंच पान चमकते.”

“उन्हाकडं तोंड करा म्हनते.”

“अवं, मले कान आहेत!” मी ओरडलो. धुऱ्यावरची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

दुसऱ्या सकाळी हा सगळा कारभार मोडला. मी घाईत एका बाजूला वळलो आणि दिसेल ते उपटू लागलो. मागून आवाज आला, “मामाजी, थांबा! तो आपला धान आहे! डावीकडं या!”

मी थांबलो. तीही थांबली. मग तिने पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरले. “याले वास नाई. पाहा. वास आला तरच हात घाला.”

त्यानंतर ती मला सरळ सांगू लागली आणि मी ऐकू लागलो. ज्या हातांना चाळीस पावसाळे झाले म्हणून मी सांगत होतो, त्यांना प्रत्येक बुंध्यापाशी थांबून आधी ओळखायला तिने शिकवले. ओळ सोडायची नाही. मागे वळून पुन्हा पाहायचे. सकाळी एकदा, ऊन कलल्यावर एकदा, कारण सकाळी न दिसलेला बुंधा संध्याकाळी दिसतो. आठवड्याच्या शेवटी मला झोपेतही उंच बुंधे दिसत होते.

तपासणीला बालाघाटहून एक मॅडम आल्या. त्या बांधीत सरळ न जाता तिरप्या चालत होत्या, मध्येच एखादी जागा निवडून तिथे वाकून बुंधे पाहत होत्या. मी, बायको, सर आणि सुट्टी काढून आलेला मुलगा धुऱ्यावर. मॅडम एके ठिकाणी थांबल्या. पान तोडले, चुरगाळले, वास घेतला. माझ्या बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मॅडमनी पान टाकून दिले आणि पुढे चालल्या. बाहेर आल्यावर त्यांनी सरांना विचारले, “रोगिंग किसने की?” भेसळीचे बुंधे उपटून काढण्याला ते लोक रोगिंग म्हणतात.

सरांनी सुनेकडे बोट दाखवले.

“साफ़ प्लॉट है,” मॅडम म्हणाल्या. “पास.”

सरांनी टाळी वाजवली. मुलगा तिथेच फोन काढून तिच्या माहेरी लावू लागला. सून मॅडमसमोर हात जोडून उभी होती, गमबूट चिखलाने भरलेले. त्या दिवशी घरी येताना ती गल्लीच्या तोंडाशी बूट काढायला वाकली. मी मागून म्हटले, “राहू दे. घालून चल.” ती तशीच चालली. माझ्यासमोर, पारासमोर, सगळ्यांसमोर, बुटांचा फचफच आवाज करत. ‘पोलीसबाई’ म्हणणारे उठून बाजूला झाले.

सर्टिफिकेट मिळाले, पक्की नोकरी मिळाली. फार्मवर कार्यक्रम झाला तेव्हा मलाही ‘सुनेला शिकवणारा सासरा’ म्हणून शाल-नारळ दिला. माइकवरून सरांनी बोरीची गोष्ट सांगितली. मी शाल पांघरून बसून राहिलो. सुनेने परत येताना बसमध्ये सांगितले, “राहू द्या मामाजी. बोरीचंच ठीक आहे. तुमचं नाव कशाले?” आणि मी तिचे ऐकले. ऐकायला सोपे होते म्हणून ऐकले.

यंदाच्या पावसाळ्यात एक नवीन शिकाऊ मुलगी आमच्या दारात आली. मी खाटेवर होतो. “बाबाजी, बोरीवाली बहू का घर यही है?” तिने विचारले. तिच्या आवाजात आदर होता. तरी मला वाटले, ही मुलगी उद्या आणखी दहा जणांना हेच सांगेल, आणि मी गेल्यावरही माझी सून न झाडलेल्या बोरीच्या नावाने ओळखली जाईल.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसलो. सून पुढच्या सीटवर होती. फार्मवर नव्या पोरांना बांधीत नांग्या भरायला उतरवले होते आणि सर धुऱ्यावर तीच गोष्ट सांगत होते. मी काठी टेकत त्यांच्याजवळ गेलो.

“सर, बोरी कोरी होती,” मी म्हटले. “माझ्या सुनेनं काही चूक केली नव्हती. नांग्या मी भरल्या होत्या, दुसऱ्या जातीनं. तिनं मले वाचवलं.”

सरांना आधी कळले नाही. मी हिंदीत पुन्हा सांगितले, मोठ्याने, सगळ्या बांधीला ऐकू जाईल असे. पोरे रोप हातात धरून उभी राहिली.

“दादाजी,” सर म्हणाले, “और मैं इतने साल बोरी को गाली देता रहा?”

पोरे हसली. सर सुनेकडे वळले आणि तिच्यासमोर कान पकडले. मग सरही हसले, मीही हसलो. सुनेने पदर सावरला, गमबूट वाजवत माझ्याजवळ आली आणि त्याच बांधीच्या पऱ्ह्यांतली एक जुडी माझ्या हातात दिली.

“ऐका रे सगळे,” ती पोरांना म्हणाली. “आता मामाजी दाखवतील, नांगी कशी भरायची. मामाजी, आधी काय करायचं?”

“जात पाहायची,” मी म्हटले.

“मंग पाहा.”

मी पाहिली. पान चुरगाळून वास घेतला; वास नव्हता. गुडघे दुखत होते, तरी वाकलो आणि रोप लावले. “बरोबर,” ती म्हणाली, आणि हजेरी घेणाऱ्या पोराला हाक मारून सांगितले, “आजची मामाजीची हजेरी लाव.”